दिवसाला दोन गुंठे

"अजून आहे का मग ती जमीन तुमच्याकडे?" असं त्या बाईंनी विचारलं आणि मी "हो, आहे की" म्हणून मोकळी झाले. तोंडातून शब्द गेला तेव्हा काही वाटलं नाही. घरी येऊन मेथी निवडायला बसले तेव्हा टोचायला लागलं. खोटं बोलायची काही गरज नव्हती. परक्या देशातली परकी बाई, पुन्हा भेटेल न भेटेल. जमीन विकली असं सांगितलं असतं तर तिनं "ओह" म्हणून कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला असता आणि विषय संपला असता. पण मी आमची कधीच विकली गेलेली जमीन एका शब्दात परत घेतली, तेही सातबारा नाही, फेरफार नाही, साक्षीदार म्हणून फक्त एक म्हातारं कुत्रं.

झालं ते असं. नोव्हेंबरातला शनिवार, सकाळी साडेनवाचं ऊन. सिडनीत हे जॅकरांडाचे दिवस. फुटपाथवर जांभळा सडा पडतो आणि चपलेखाली फुलं चिकचिक फुटतात. मी विग्रम स्ट्रीटवरून भाजी घेऊन परतत होते. ज्यांनी सिडनीतलं हॅरिस पार्क हे उपनगर पाहिलंय त्यांना विग्रम स्ट्रीट सांगायला नको. तिथे सकाळी सांबाराचा वास असतो, संध्याकाळी तव्यावरच्या बटरचा, आणि रस्त्यात मराठी कानावर पडलं तर आता मान वळत नाही. तिथून दोन गल्ल्या पलीकडे गेलं की अचानक सगळं गप्प होतं. रूस स्ट्रीट. एक बैठी, पांढरी, रुंद व्हरांड्याची बंगली, समोर उतरतं गवत, आणि गवताच्या कडेला बाक. त्या बाकावर बाई बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपास वय, पायांत जाड मोजे, शेजारी धापा टाकणारं कुत्रं. मी पिशवी टेकवून दम खायला बसले, तर त्या बंगलीकडे हनुवटी करून म्हणाल्या, "माझ्या खापरपणजोबांच्या पणजोबांचं शेत हे. चोर होते ते." चेहऱ्यावर अशी चमक, जणू दरबारातली मानाची पगडी सांगतायत.

आमच्याकडे कुणी असं सांगेल? आमच्या भावकीत एका चुलत आजोबांनी पतपेढीत काहीतरी केलं होतं म्हणे. काय केलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांचं नाव निघालं की आजी "चहा टाकते" म्हणून उठायची.

चोराचं नाव जेम्स रूस. इथल्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं, त्याच्या नावाची शेतकी शाळाच आहे. कॉर्नवॉलमधल्या लॉन्सेस्टनजवळचा, शेतीत वाढलेला माणूस. 1782 मध्ये बॉडमिनच्या कोर्टात त्याच्यावर घरफोडीचा गुन्हा शाबीत झाला. माल काय, तर चांदीची दोन घड्याळं. शिक्षा फाशीची. ती कमी करून सात वर्षं काळं पाणी. त्यातली बरीच वर्षं प्लिमथच्या बंदरात सडत पडलेल्या एका जुन्या गलबतावर गेली, कारण कैद्यांना पाठवायचं कुठे हेच इंग्लंडचं ठरत नव्हतं. अमेरिका हातची गेली होती. शेवटी 1787 च्या मे महिन्यात अकरा जहाजं निघाली, आणि त्यातल्या 'स्कारबरो'वरून रूस 1788 च्या जानेवारीत या किनाऱ्याला लागला. सात वर्षं म्हणजे 1789 च्या मध्याला शिक्षा संपली. तो गव्हर्नर फिलिपकडे गेला आणि म्हणाला, माझे दिवस भरले, आता मला जमीन द्या. गंमत अशी की त्याचे दिवस भरलेत की नाहीत हे तपासायला कागदच नव्हते. कैदी आले, बेड्या आल्या, शिक्षांची कागदपत्रं मात्र इंग्लंडातच राहिली. सरकारी दफ्तराची ही तऱ्हा वाचली तेव्हा मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. तलाठी कार्यालयाच्या पायरीवर बसून "साहेब मीटिंगला गेलेत" ऐकणारे माझे वडील, आण्णा, डोळ्यांपुढे आले.

फिलिपनं नोव्हेंबर 1789 मध्ये त्याला दीड एकराचा तुकडा दिला. खोप, अवजारं, बियाणं, दोन डुकरिणी, सहा कोंबड्या. मेहेरबानी म्हणून दिलं नव्हतं. गव्हर्नरला एक हिशेब बघायचा होता, की एका माणसाला एक कुटुंब पोसायला इथे किती जमीन आणि किती वेळ लागतो. म्हणून त्या शेताचं नाव एक्सपेरिमेंट फार्म. हिशेब निकडीचाही होता. सिडनीच्या खाडीकाठची जमीन रेताड, जहाजातून आणलेलं बियाणं बरचसं मेलेलं, शेती येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रसद घेऊन येणारं 'गार्डियन' जहाज 1789 च्या डिसेंबरात हिमनगावर आदळलं. पुढच्या वर्षी उपासमार इतकी की गव्हर्नरकडे जेवायला जाणाऱ्या अधिकाऱ्यांनाही आपली भाकरी आपण न्यावी लागे. पाहुण्याला "येताना तुमची भाकरी आणा" म्हणायचं! आमच्या माण तालुक्यात बहात्तरच्या दुष्काळातल्या गोष्टी मी ऐकत मोठी झाले. सुकडी, खडीकेंद्र, मिलो. पण त्यातही असं वाक्य कुणी उच्चारल्याचं ऐकलं नाही. उच्चारलं असेल तरी सांगितलं नसेल.

त्या दीड एकरात रूसनं काय केलं ते त्याच्याच तोंडून उरलंय. वॉटकिन टेंच नावाचा नौसैनिक अधिकारी 1790 च्या नोव्हेंबरात तिथे गेला आणि त्यानं रूसचं बोलणं लिहून ठेवलं. ते मी वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, आणि मी चक्क उठून पाणी प्यायले. कारण ते आण्णांचं बोलणं होतं. पडलेली झाडं जाळली, ती राख मातीत खणून घातली. मग कुदळीनं जमीन उकरली, पण दिवसाला आठ, फार तर नऊ रॉड, त्याहून जास्त नाही. ढेकळं फोडली. गवत, तण आत गाडलं. मग जमिनीला उन्हावाऱ्यात पडू दिलं, जितके दिवस देता येतील तितके, आणि पेरणीच्या तोंडाशी पुन्हा एकदा वर-खाली केली. सरकारी शेतासारखी नुसती ओरबाडलेली नाही, असंही त्यानं ऐकवलं. आता रॉड म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. शोधलं, मांडलं, आणि हसू आलं. एकरात एकशे साठ चौरस रॉड. आपले एकरात चाळीस गुंठे. म्हणजे चार रॉडचा एक गुंठा. आठ रॉड म्हणजे दोन गुंठे. सातासमुद्रापलीकडच्या एका चोरानं दिवसाला दोन गुंठे कुदळलं होतं. नांगर नाही, बैल नाही. वसाहतीनं आणलेली मोजकी गुरं 1788 मध्येच रानात पळाली होती. ती सापडली 1795 मध्ये, तोवर त्यांचा चांगला कळप झाला होता. माणसं शिध्यावर मोजून जगत होती आणि गायी मात्र कुणालाही न विचारता वाढत होत्या.

दोन गुंठे किती असतात हे मला पायानं माहीत आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला आमचा दोन गुंठ्यांचा तुकडा होता, त्यात आई लसूण आणि कोथिंबीर लावायची. तो कुदळायला आण्णांना एक दिवस पुरत नसे. संध्याकाळी ते ओसरीवर बसून तळहाताला गोडेतेल लावायचे आणि हात उघडेच ठेवायचे, मिटता येत नसत म्हणून.

गव्हाचं काड खड्ड्यात पुरणार, कुजेल ते सगळं त्यात टाकणार आणि त्याचं खत करणार, असं रूस टेंचला म्हणाला. जमीन मध्यम आहे, ना चांगली ना वाईट. खत मिळालं तर देईल, पण गुरं नसतील तर टिकणार नाही. असा माणूस घरफोडी कशाला करेल, असं मला वाटायला लागलं होतं, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. माझा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे हे कैदी, मी कितीही पहारा केला तरी जवळजवळ रोज रात्री चोरी करतात. दोन घड्याळांवर फाशीची शिक्षा झालेला माणूस मक्याच्या कणसांसाठी रात्र रात्र जागतोय. मी हे बाकावरच्या बाईंना नंतर सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की कुत्रं उठून उभं राहिलं.

1791 च्या फेब्रुवारीत रूसनं सांगून टाकलं, मला आता सरकारी शिधा नको, मी आणि बायको आमच्या पिकावर जगतो. बायको एलिझाबेथ पेरी, तीही कैदी, 'लेडी जुलियाना' जहाजातून आलेली. प्रयोग यशस्वी झाला. फिलिपनं त्याला तीस एकर दिले, आणि 1792 च्या फेब्रुवारीत पक्का कागद झाला. या वसाहतीतलं हे पहिलं जमीनपत्र. त्यावर नाव एकट्या जेम्सचं. पुढे काही महिन्यांनी, जूनमध्ये, 'अटलांटिक' नावाचं जहाज कलकत्त्याहून धान्य घेऊन आलं. डेव्हिड कॉलिन्स या अधिकाऱ्यानं त्या मालाची नोंद केली आहे: तांदूळ, 'सूजी' आणि 'धोल'. रवा आणि डाळ! सव्वादोनशे वर्षांपूर्वी सिडनीच्या कैद्यांच्या ताटात डाळ पडली होती आणि आम्ही समजतो की ती इथे आम्ही आणली. फोडणीशिवाय त्यांनी ती कशी गिळली असेल देव जाणे. रूसनं खाल्ली नसावी, त्यानं वर्षभर आधीच शिध्याला हात जोडले होते.

इथवर वाचून मी खूश होते. माझी अडचण पुढे सुरू होते.

ज्या जमिनीला रूसनं राख पाजली ती पडीक नव्हती. हे शेत ज्या पॅरामाटा भागात, ते नावच तिथल्या माणसांच्या नावातून आलेलं. दारुग या इथल्या मूळ रहिवाशांमधले बरमट्टगल. नदीला ईल मासे भरपूर, म्हणून ईल जिथे विसावतात ती जागा, असा अर्थ सांगतात. 1789 च्या एप्रिलमध्ये सिडनीभोवती देवीची साथ आली आणि या माणसांत अशी फिरली की किनाऱ्यावरच्या कपारींतून प्रेतं सापडत होती. रूसला दीड एकर मिळाला तो त्यानंतर सातच महिन्यांनी. हे दोन आकडे मी वेगवेगळ्या दिवशी वाचले होते. एकाखाली एक लिहिले तेव्हा पेन खाली ठेवला. पुढे रूस हॉक्सबरी नदीकाठी गेला तिथेही हेच. नदीकाठची मऊ गाळाची माती, जिथे बायका काठ्यांनी उकरून रताळ्यासारखे कंद काढायच्या, तीच मक्याला सगळ्यात चांगली. कंद उपटले गेले, मका लागला, मग भुकेले लोक मक्यात शिरले आणि त्यांना चोर ठरवून गोळ्या घातल्या गेल्या. इथे मला चोर हा शब्द वापरवत नाही.

आणि मला ताबडतोब आमची जमीन आठवली, हे सोयीचं नव्हतं. "आमची वडिलोपार्जित" असं मी कौतुकानं म्हणते, पण सातबाऱ्यावर आमचं नाव आलं ते कूळकायद्यानंतर, सत्तावन सालच्या कृषकदिनानंतर. त्याआधी आजोबा त्याच मातीत कूळ म्हणून राबत होते, आणि मालक पुण्यात होते. मालकांच्या घरच्या कुणी आजही "आमची माणदेशातली जमीन गेली" म्हणत असेल. गेली खरी, आमच्याकडे आली. राबणाऱ्याला मिळाली हा न्यायच झाला, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, आणि या दोन गोष्टी एका तागडीत घालायचा माझा इरादाही नाही. फक्त 'पहिला' हा शब्द कुठल्याही जमिनीवर ठेवला की तो डुगडुगतो, एवढंच दिसलं.

रूसनं शेत विकलं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यात तो त्या बंगलीच्या व्हरांड्यात म्हातारा होऊन, नातवंडांना कणसं भाजून देत बसला होता. प्रत्यक्षात कागद झाल्याला दोन वर्षं व्हायच्या आत, 1793 च्या ऑक्टोबरात, त्यानं ते तीस एकर जॉन हॅरिस नावाच्या पलटणीतल्या डॉक्टरला चाळीस पौंडांना देऊन टाकले. ती बंगली हॅरिसनं कितीतरी नंतर, 1830 च्या दशकात बांधली. हॅरिस पार्क हे नाव त्याचंच. त्यानं भारतातली चितळं आणून आपल्या रानात सोडली होती, 1813 पर्यंत ती चारेकशे झाली. शिवाय एकदा त्याच्यावरचा खटला आरोपपत्रात 'चालू महिना' लिहायच्या जागी 'गेला महिना' लिहिल्यामुळे फेटाळला गेला, तर या पठ्ठ्यानं त्या चुकीच्या शब्दाचंच नाव आपल्या इस्टेटीला दिलं. अल्टिमो. आज तो सिडनीचा एक अख्खा भाग आहे. काही माणसांना लेखनिकाची चूकसुद्धा लाभते.

रूसला तसं काही लाभलं नाही. हॉक्सबरीकाठी जमीन मिळाली, पण तिथे पूर यायचे आणि उभं पीक, गंजी, डुकरं सगळं घेऊन जायचे. 1828 च्या जनगणनेत तो लोअर मिंटो इथे दुसऱ्याच्या शेतावर मुकादम आहे. पहिला जमीनधारक साठीनंतर दुसऱ्याच्या माणसांवर देखरेख करतोय. का विकली, कशी निसटत गेली, यावर मी बरेच दिवस विचार केला, आणि मग लक्षात आलं की मी रूसचा विचार करतच नाहीये.

आण्णांनी 1999 मध्ये सव्वातीन एकर विकलं. माझं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष होतं. मला कळलं ते दिवाळीत घरी गेल्यावर, तेही असं की शेतावर जायला निघाले तर आई म्हणाली, "आता कशाला तिकडं?" एवढंच. आण्णा कोपऱ्यात रेडिओ दुरुस्त करत होते, म्हणजे मागचं झाकण उघडून नुसतेच बघत होते. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. माझी फी, वसतिगृह, पुढे पहिला विमानाचा प्रवास, यांतलं काय काय त्या सव्वातीन एकरातून आलं हे मी कधी मांडलं नाही. रॉडचे गुंठे करायला मला पाच मिनिटं लागली होती.

आता तिथे डाळिंब आहे. घेणाऱ्यानं शेततळं केलं, ठिबक टाकलं, झाडं अशी ओळीत की बघत राहावं. मागच्या खेपेला रस्त्यावरून जाताना गाडी हळू केली. बाग उत्तम आहे. बाग उत्तम आहे हेच पचत नाही. पडीक असती, काटेरी बाभळी माजल्या असत्या, तर मला दुःख करायला बरं पडलं असतं. आण्णांना विचारलं, "बघितलंत का केवढी फळं धरलीत?" तर म्हणाले, "पाणी असल्यावर धरणारच." आणि मग जरा वेळानं, "माती चांगलीच होती ती."

रूस 5 सप्टेंबर 1837 ला गेला. एलिझाबेथशी लग्न लागलं होतं तीही 5 सप्टेंबरच, 1790 ची. तो कॅम्पबेलटाउनच्या चर्चच्या कबरस्तानात आहे. मूळ दगड आता सांभाळून आत नेऊन ठेवलाय. त्यावरचा मजकूर त्यानं स्वतःच कोरला असं म्हणतात, आणि शुद्धलेखन पाहता कुणा पगारी कारागिरानं कोरला असेल असं वाटत नाही. 'फर्स्ट'चं 'फोर्स्ट' दोनदा, 'नेटिव्ह'चं 'नेटेफ', आणि 'कॉलनी' हा एकच शब्द दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी चुकलेला. आपल्या अक्षरात आणायचं तर साधारण असं: आईने मला मायेने वाढवीले, माझ्यासाठी लई कष्ट घेतले, आन मी ह्या वसाहतित आलो तेव्हा पहीलं धान्य मी पेरलं. आजीची मला आलेली पत्रं अशीच असायची. ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नसायचा, आणि चूक कुठेच नसायची.

पहिलं धान्य त्यानं पेरलं नव्हतं. त्याच्याआधी सरकारी शेतात गहू निघाला होता, त्याच रोझ हिलवर, म्हणजे पॅरामाटाचं तेव्हाचं नाव. त्याआधी कितीक हजार वर्षं या मातीतून लोक खात होते. हे सगळं खरं आहे. पण दगडावर जमिनीचा उल्लेख नाही, हे मला उशिरा दिसलं. तीस एकर मिळाले असं त्यानं कुठेच कोरलेलं नाही, पहिल्या जमीनपत्राचं नावही नाही. हातून गेलेलं त्यानं वगळलं आणि पेरलं एवढंच ठेवलं. की वगळणं हीसुद्धा माझ्या 'हो, आहे की' सारखीच एक युक्ती होती? सत्याहत्तराव्या वर्षी माणूस काय काय झाकत असेल, मला नाही सांगता यायचं.

गेल्या शनिवारी बाई पुन्हा बाकावर होत्या. जॅकरांडा संपलाय, आता झाडं नुसती हिरवी आहेत. मी मनाशी ठरवून गेले होते की आज सांगायचं. बसले. कुत्र्यानं चपला हुंगल्या. कचराकुंडीवर चोच मारणारा आयबिस त्या हातानं हाकलत होत्या. मग त्याच म्हणाल्या, "लव्ह, तुमच्या शेतात काय असतं या दिवसांत?"

"डाळिंब," मी म्हणाले.

त्यांना डाळिंब फार आवडतं, पण दाणे काढायचा कंटाळा येतो, बोटं रंगतात. मी त्यांना सांगितलं की आडवं कापायचं नाही. वरचा मुकुट काढायचा, पाकळ्यांच्या रेघांवर नुसत्या चिरा द्यायच्या, मग पाण्याच्या भांड्यात धरून उघडायचं. दाणे तळाशी बसतात, साल वर तरंगते. त्यांनी ते पाकिटाच्या मागं लिहून घेतलं.